शिकविणारास कोण शिकविणार?

सुताराचे पोर कामास लागले म्हणजे पहिल्याच दिवशी त्याच्या हाती गिऱ्हाइकाचे सागवान कोणी देत नाही. आधी ते नुसते पाहते, मग करवत धरते, मग टाकाऊ फळीवर रंधा मारते. बाप शेजारी उभा राहून हात कोठे सैल सोडावा व कोठे दाबावा हे सांगत असतो. अशी एकदोन वर्षे गेली म्हणजे मग कोठे चौकटीचे सांधे जोडण्याचे काम त्याच्या वाट्यास येते. लोहाराचा, कुंभाराचा, गवंड्याचा, शिंप्याचा नियम हाच आहे. आम्हां शेतकऱ्यांच्या घरीही चाड्यावर मूठ धरावयास नवख्या पोरास कोणी एकदम उभे करीत नाही. पेर चुकली तर हंगाम गेला, हे सर्वांस ठाऊक असते.

पण ज्या ठिकाणी आपल्या पोटच्या मुलांचा हंगाम पेरला जातो, त्या अभियांत्रिकी महाविद्यालयात हा नियम कोणी पाळीत नाही. तेथे नवा अध्यापक सोमवारी नोकरीवर रुजू होतो व मंगळवारी साठ मुलांच्या वर्गापुढे एकटा उभा राहतो. कोणी त्यास शिकवून दाखविलेले नसते, कोणी त्याचे शिकविणे पाहिलेले नसते, व चुकले तर सांगणारा कोणी शेजारी नसतो. लाकूड बिघडू नये म्हणून आपण जी काळजी घेतो, तेवढीही मूल बिघडू नये म्हणून घेतली जात नाही. ह्याच गोष्टीविषयी आज आम्हांस शेतकरी व कारागीर बंधुभगिनींशी चार शब्द बोलावयाचे आहेत.

आम्ही खेड्यातील प्राथमिक शिक्षक. पहिलीच्या मुलास मुळाक्षरे व वीसपर्यंतचे आकडे शिकविता यावेत म्हणून सरकारने आम्हांस दोन वर्षे अध्यापक विद्यालयात बसविले. तेथे बालमानसशास्त्र आले, पाठ टाचण आले, सराव पाठ आले, छात्रसेवाकाल आला. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यानंतर शिक्षक पात्रता परीक्षा आली. सप्टेंबर 2025 मध्ये तर सर्वोच्च न्यायालयाने असा निकाल दिला की, पहिली ते आठवीस शिकविणाऱ्या ज्या जुन्या शिक्षकांची नोकरी पाच वर्षांहून अधिक उरली आहे, त्यांनीही दोन वर्षांत ही परीक्षा उत्तीर्ण व्हावे. पन्नाशीकडे झुकलेले गुरुजी आता रात्री दिवा लावून अभ्यासास बसले आहेत. ह्या निकालाविषयी येथे तक्रार करावयाची नाही. मुलांना शिकविणारा माणूस शिकविण्यात तयार असावा, हे तत्त्व आम्हांस मान्य आहे. आमचा प्रश्न एवढाच की, हे तत्त्व पहिलीच्या वर्गास लागू आहे, तर अभियांत्रिकीच्या वर्गास का नसावे?

अभियांत्रिकी महाविद्यालयात सहायक प्राध्यापक होण्यास पदवी व पदव्युत्तर पदवी लागते, व त्यांपैकी एकीत प्रथम वर्ग लागतो. हे असावयासच पाहिजे. परंतु विषय मुलांच्या गळी कसा उतरवावा, प्रश्न कसा विचारावा, वर्गात मागे राहिलेल्या मुलास कसे ओळखावे, उत्तरपत्रिकेतील चुकीवरून मुलाचे नेमके कोठे अडले आहे हे कसे ताडावे, ह्यांपैकी एकाही गोष्टीची परीक्षा त्या उमेदवारास पदावर येण्यापूर्वी द्यावी लागत नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, अशी आपल्याकडे म्हण आहे. येथे प्रकार उलटा आहे. आडात पाणी आहे, चांगले गोड पाणी आहे, पण पोहऱ्याला दोरच नाही. तहानेलेली मुले काठावर उभी आहेत व पाणी खाली चमकताना पाहत आहेत.

शिकविण्याची विद्या म्हणजे काय, असे कोणी विचारील. ती काही मंत्रतंत्राची गोष्ट नव्हे. ती सुतारकीसारखीच हाताखालून जाणारी कारागिरी आहे. 1963 साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात सूक्ष्म अध्यापनाची पद्धत निघाली, व पुढे ती आमच्या अध्यापक विद्यालयांतही आली. तिची रीत अशी. छात्राध्यापकाने पाचदहा मिनिटांचा छोटा पाठ घ्यावयाचा व त्यात एकच कौशल्य साधावयाचे. आज नुसते प्रश्न विचारणे, उद्या नुसते फलकलेखन, परवा नुसता विषयप्रवेश. सोबतचे छात्राध्यापक विद्यार्थी होऊन बसतात, गुरुजी मागे बसून टिपणे घेतात. पाठ झाल्यावर काय बरे झाले व काय चुकले हे तोंडावर सांगतात, व तोच पाठ सुधारून पुन्हा घ्यावयास लावतात. ज्याने हे केले आहे त्यास ठाऊक आहे की, आपण फळ्याकडे तोंड करून बोलतो, प्रश्न विचारून उत्तराची वाट न पाहता आपणच उत्तर देतो, पुढच्या बाकावरील दोन हुशार मुलांनी मान हलविली की सगळ्या वर्गास समजले असे धरून चालतो. हे दोष ज्याचे त्यास दिसत नाहीत. दुसऱ्याने दाखवावे लागतात, व एकदा दाखविले म्हणजे बहुतेक सुटतात.

ह्याने किती फरक पडतो त्याचा एक मासला देतो. स्थापत्य शाखेच्या मुलांना तुळईवरील भार व त्यामुळे होणारा वाक शिकावा लागतो. नवखी अध्यापिका वर्गात येते, फळ्यावर आकृती काढते, सूत्र मांडते, एक उदाहरण सोडविते व तास संपतो. तिचे एकही अक्षर चुकलेले नसते. मुले वहीत उतरून घेतात व परीक्षेपर्यंत पाठ करतात. आता ह्याच वर्गात गवंड्याचा मुलगा बसला आहे. सुट्टीत तो बापाबरोबर स्लॅबच्या कामावर जातो. स्लॅबची मुख्य सळई खालच्या अंगास बांधतात, आणि भिंतीबाहेर निघालेल्या सज्जाची सळई वरच्या अंगास बांधतात, हे त्याने डोळ्यांनी पाहिले आहे. सज्जाची सळई कोणी चुकून खाली टाकली व सेंटरिंग काढताच सज्जा खाली आला, ही गोष्टही गवंड्यांच्या बोलण्यात त्याने ऐकली आहे. असे का, हे मात्र त्यास कोणी सांगितलेले नाही.

तयार शिक्षक असता तर त्याने तास येथूनच सुरू केला असता. त्याने एक जाड स्पंज आणला असता, त्याच्या बाजूवर पेनाने उभ्या रेघा ओढल्या असत्या, व दोन विटांवर तो आडवा ठेवून मध्ये दाबला असता. खालच्या अंगास रेघा फाकल्या व वरच्या अंगास जवळ आल्या, हे साठही मुलांनी पाहिले असते. म्हणजे खालचे अंग ताणले जाते व वरचे दाबले जाते. काँक्रीट दाब सोसते पण ताण सोसत नाही. म्हणून जेथे ताण तेथे लोखंड. मग तोच स्पंज एका टोकास घट्ट धरून दुसरे टोक खाली दाबले असते तर रेघा वरच्या अंगास फाकल्या असत्या. सज्जाची सळई वर का, हे गवंड्याच्या मुलानेच उठून सांगितले असते. त्यानंतर फळ्यावर सूत्र आले असते तर ते त्यास परके वाटले नसते. आपल्या बापाच्या हाताला जे ठाऊक आहे तेच येथे आकड्यांत मांडले आहे, हे त्यास कळले असते. विषय तोच, तास तोच, पगार तोच, केवळ रीत निराळी. पण ही रीत त्या अध्यापिकेस कोणी दाखविलीच नाही, तर तिने ती कोठून आणावी?

अशा शिकविण्याचा तोटा सर्वांना सारखा होत नाही, हे आपल्या लोकांनी नीट ध्यानात घ्यावे. ज्या घरी बाप अभियंता आहे किंवा काका प्राध्यापक आहे, त्या घरचा मुलगा वर्गात समजले नाही तर रात्री घरी विचारतो. ज्याच्या घरी पैसा आहे तो शिकवणी लावतो. आपला मुलगा कोणास विचारणार? त्याच्या घरी सूत्र म्हणजे काय हे ठाऊक असलेला पहिला माणूस तो स्वतःच. दहावीपर्यंत मराठीत शिकलेला, वर्गात इंग्रजीत प्रश्न विचारावयास लाजणारा, वसतिगृहात नवखा. त्याचा सगळा भरवसा त्या एका अध्यापकावर व त्या एका तासावर. तो तास फुकट गेला की त्याचा विषय राहतो, विषय राहिला की वर्ष अडते, व वर्ष अडले की गावात लोक म्हणू लागतात की, ह्यांच्या डोक्यातच नाही, ह्यांनी इंजिनिअर कशाला व्हावे! कर्ज बापाच्या नावावर, आणि दोष मुलाच्या बुद्धीवर. ह्याहून मोठा अन्याय कोणता? 2024 पासून आठ लाखांच्या आतील उत्पन्नाच्या आर्थिक दुर्बल, इतर मागास व मराठा घरांतील मुलींचे व्यावसायिक शिक्षणाचे शुल्क महाराष्ट्र सरकार भरू लागले आहे. त्यामुळे आपल्या मुली ह्या वर्गांत अधिक संख्येने जातील व जाव्यातच. परंतु सरकारने दार उघडून दिले आणि आत शिकविणारा तयार नसला, तर त्या उघड्या दाराचा काय उपयोग?

हे असे का झाले, तेही पाहू. गंगेच्या कालव्याचे काम चालू असताना 1847 साली रुरकी येथे अभियांत्रिकीचे विद्यालय निघाले. 1854 साली पुण्यास तसाच वर्ग निघाला. तेव्हा सरकारला पूल, रस्ते व कालवे बांधण्यास हाताखालची माणसे हवी होती. विद्यार्थी थोडे होते. पुढे शंभरावर वर्षे लोटली. 1983 साली वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांस परवानगी दिली, आणि साखर कारखान्याच्या माळावर व तालुक्याच्या गावी महाविद्यालये उभी राहिली. त्यामुळे आपल्या मुलांस जवळ जागा मिळाल्या, हा उपकार आम्ही विसरत नाही. पण इमारत दोन वर्षांत उठते, यंत्रे पैसे टाकले की येतात, शिक्षक मात्र दोन वर्षांत घडत नाही. म्हणून कालचा विद्यार्थी आज शिक्षक झाला. तो आपल्या शिक्षकाने जसे शिकविले तसेच शिकवू लागला, व त्याच्या शिक्षकासही कोणी शिकविलेले नव्हते. अशी ही परंपरा चालू राहिली.

सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे खोटेपणाचे होईल. 1960 नंतरच्या दशकात भोपाळ, चंडीगड, कोलकाता व चेन्नई येथे तंत्रशिक्षकांच्या प्रशिक्षणाच्या चार संस्था काढल्या गेल्या. महाराष्ट्राचा संबंध भोपाळच्या संस्थेशी येतो. पण त्या मुख्यतः तंत्रनिकेतनांच्या शिक्षकांकरिता होत्या. 1970 साली अभियांत्रिकीच्या अध्यापकांस वरची पदवी मिळवून देण्याची सरकारी योजना निघाली. तिच्यामुळे शिक्षकांचे विषयाचे ज्ञान वाढले, ही चांगली गोष्ट झाली. पण पदवी वाढली म्हणजे शिकविणे सुधारतेच असे नाही. नांगराचा फाळ नवा केला तरी कासरा धरणाऱ्यास बैल हाकता आला पाहिजे.

2017 च्या सुमारास जागतिक बँकेच्या साह्याने चाललेल्या योजनेच्या तिसऱ्या टप्प्यात बिहार, झारखंड, राजस्थान, मध्य प्रदेश वगैरे प्रांतांतील महाविद्यालयांत आय.आय.टी. व तत्सम संस्थांतून शिकलेले बाराशेहून अधिक तरुण अध्यापक कराराने नेमले. 2021 साली योजना संपली व अनेकांची नोकरीही तिच्याबरोबर संपली. तीन वर्षे वर्गात उभे राहून ज्यांचा हात कोठे बसू लागला होता, त्यांनाच घरी पाठविले! कुंभाराने कच्चे मडके भट्टीतून मध्येच काढावे व पुन्हा नवी माती भिजत घालावी, त्यातला हा प्रकार. 2018 साली आणखी एक गोष्ट झाली. पंधरा विद्यार्थ्यांमागे एक अध्यापक हा जो दंडक होता, तो तंत्रशिक्षण परिषदेने वीस विद्यार्थ्यांमागे एक असा सैल केला. म्हणजे तयारी वाढविण्याऐवजी ओझे वाढले.

2019 च्या नियमांत मात्र परिषदेने प्रथमच मान्य केले की, नव्या अध्यापकास शिकविण्याचे शिक्षण हवे. त्याकरिता आठ भागांचा अभ्यासक्रम तयार झाला, व तो 'स्वयम्' ह्या सरकारी संकेतस्थळावर ठेवला गेला. पाठाचे नियोजन, मूल्यमापन, संवाद, व्यवसायाची नीती असे चांगले विषय त्यात आहेत. कागदावर अनुभवी मार्गदर्शकाची व कारखान्यातील अनुभवाचीही तरतूद आहे. ह्याबद्दल परिषदेचे अभिनंदन केले पाहिजे. पण पडद्यावर व्याख्याने पाहून व खाली दिलेल्या प्रश्नांची उत्तरे टिचकावून शिकविता येऊ लागते, हे आम्हांस पटत नाही. आपल्याकडे पोरास पोहणे शिकविताना पाठीला भोपळा बांधतात, व मामा किंवा चुलता त्याच्याबरोबर विहिरीत उतरतो. पोहण्याचे पुस्तक वाचून दाखवून कोणी पोरास विहिरीत ढकलीत नाही. आठ भाग म्हणजे भोपळा झाला, पण बरोबर उतरणारा मामा कोठे आहे? जेथे ज्येष्ठ अध्यापकासच स्वतःचे तास, परीक्षा व तपासणीसमित्यांचे कागद यांतून मान वर करावयास सवड नाही, तेथे मार्गदर्शक हा केवळ सहीपुरता उरतो.

ह्यावर कोणी विद्वान म्हणतील की, ज्यास विषय उत्तम येतो तो आपोआप शिकवितो, प्राथमिक शाळेचे नियम उच्च शिक्षणास लावू नयेत. ह्या विद्वानांस आम्ही नम्रपणे अमेरिकेचा दाखला देतो. तेथील स्थापत्य अभियंत्यांच्या राष्ट्रीय संस्थेने 1999 पासून महाविद्यालयीन अध्यापकांकरिता अध्यापनाचे वर्ग चालविले आहेत. आठवडाभर हे अध्यापक एकत्र राहतात. आधी अनुभवी शिक्षक त्यांस नमुना पाठ घेऊन दाखवितात. मग चारचार जणांची तुकडी करून प्रत्येकाकडून तीन पाठ घेववितात. सोबती विद्यार्थी होऊन बसतात, पाठाचे चित्रण होते, व नंतर काय साधले व काय चुकले हे तोंडावर सांगतात. आमच्या अध्यापक विद्यालयातील सराव पाठ तो हाच की नाही? पीएच.डी. झालेले अमेरिकन अध्यापक जेथे बाकावर बसून आपल्या चुका ऐकून घेतात, तेथे आमच्याकडील नव्या प्राध्यापकास कमीपणा का वाटावा?

खरी अडचण बुद्धीची नसून मानापमानाची आहे. आपल्या समाजात तोंडाने सांगणारा मोठा व हाताने करणारा लहान, अशी जुनी समजूत आहे. तीच विद्येच्या घरातही शिरली आहे. शिकविणे ही करावयाची, गिरवावयाची, चुकून सुधारावयाची गोष्ट आहे असे म्हटले की ती हाताची कारागिरी ठरते, आणि कारागिरी म्हटली की पदवीधराच्या कपाळास आठी पडते. जोतीराव फुले यांनी 1882 साली हंटर साहेबांच्या शिक्षण आयोगापुढे आपले निवेदन ठेविले. शिक्षक शिकविण्याच्या कामात तयार केलेले असावेत, ते शेतकरी वर्गातून घ्यावेत, व नांगराचा रुमणा किंवा सुताराचा वाकस हाती धरण्याची त्यांस लाज वाटू नये, अशी मागणी त्यांनी त्यात केली होती. ती प्राथमिक शाळांकरिता होती. पण जेथे प्रत्यक्ष यंत्र, पूल व बंधारा शिकवावयाचा, तेथे ती दुपटीने लागू पडते. ज्याने कधी पान्हा फिरविला नाही त्याने यंत्र शिकवावे, व ज्याने कधी पाया खणताना पाहिला नाही त्याने पाया शिकवावा, ही उंटावरून शेळ्या हाकण्याची रीत आता पुरे झाली.

येथे नव्या अध्यापकाची बाजूही मांडली पाहिजे, नाही तर आम्ही पक्षपाती ठरू. हे तरुण कोण आहेत? पुष्कळसे आपल्याच घरचे आहेत. बापाने जमीन गहाण ठेवून एम.टेक. केलेले, गावात 'प्राध्यापक' म्हणून मिरविणारे, व महिनाअखेर पगाराची वाट पाहणारे. कोणी अकरा महिन्यांच्या करारावर, कोणी तासिका तत्त्वावर. तास घेतला तर पैसे, सुट्टी पडली तर नाहीत. उन्हाळ्यात विश्रांती व अभ्यास करावयाचा तर हाती पत्रके देऊन गावोगाव मुले गोळा करावयास पाठवितात. चारचार विषयांचे तास, प्रयोगशाळा, उत्तरपत्रिका, त्यातून तपासणीकरिता रात्री बसून नोंदवह्या भरावयाच्या. अशा माणसाने पाठाचे टाचण केव्हा काढावे? पुढच्या वर्षी आपण येथे असू की नाही हे ज्यास ठाऊक नाही, तो आपली कला घडवील कशाकरिता? म्हणून आमचे म्हणणे कोणी नव्या अध्यापकांवरील आरोप समजू नये. मुलांची व त्यांची फसवणूक एकाच व्यवस्थेने केली आहे.

आता करावयाचे काय, ते स्पष्ट सांगतो.

पहिली गोष्ट ही की, नव्या अध्यापकास पहिल्या सत्रात निम्मेच तास द्यावेत. उरलेल्या वेळात त्याने ज्येष्ठ अध्यापकांच्या वर्गात मागे बसावे, व आठवड्यातून एकदा ज्येष्ठाने त्याच्या वर्गात मागे बसावे. पाहणे व पाहू देणे, ह्याहून स्वस्त प्रशिक्षण नाही.

दुसरी ही की, ज्येष्ठाचे हे काम त्याच्या तासांत धरावे. फुकटची जबाबदारी कोणी मनापासून पार पाडीत नाही. आठवड्याचे दोन तास त्याने नव्यास घडविण्याकरिता दिले तर ते शिकविण्याचेच तास समजावेत.

तिसरी ही की, नोकरी कायम करण्यापूर्वी किमान सहा निरीक्षित सराव पाठ व्हावेत, व त्यांची टिपणे अध्यापकास दाखवावीत. हे पाठ त्यास नापास करण्याकरिता नसून सुधारण्याकरिता असावेत.

चौथी ही की, पहिल्या दोन वर्षांतील एक उन्हाळा त्याने कारखान्यात, बांधकामावर, वीजकेंद्रात किंवा पाटबंधाऱ्याच्या कामावर काढावा, व फिटर, वेल्डर, गवंडी यांच्या शेजारी उभे राहून काम शिकावे. मुले गोळा करण्याचे काम त्याच्याकडून काढून घ्यावे. त्या वेळेत हे सहज होते.

पाचवी ही की, खेड्यातून आलेल्या मुलांस अवघड कल्पना मराठीतून समजावून सांगण्याची मोकळीक असावी व तसे सांगण्याचा सराव नव्या अध्यापकास द्यावा. 2021 साली तंत्रशिक्षण परिषदेने मराठीसह भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकविण्यास परवानगी दिली, व पिंपरी-चिंचवडला मराठीतून संगणक अभियांत्रिकीचा वर्गही निघाला. तेव्हा मराठीत समजावणे हा आता कमीपणा राहिलेला नाही.

सहावी गोष्ट ऐकून काही लोक हसतील, तरी सांगतो. बहुतेक जिल्ह्यांत शिक्षण व प्रशिक्षण संस्था आहे. अध्यापक विद्यालयांत विद्यार्थी कमी झाल्याने त्यांपैकी कित्येक बंद पडली व सराव पाठ घेण्यात आयुष्य घालविलेले गुरुजी रिकामे झाले. अभियांत्रिकीच्या नव्या अध्यापकांस पंधरा दिवस त्यांच्या हवाली करावे. अभियांत्रिकी विषय आम्ही त्यांस शिकवू शकत नाही, शिकविण्याचे काम मात्र दाखवू शकतो. आमच्याकडून शिकण्यात त्यांची प्रतिष्ठा जाणार नाही. शेवटी त्यांच्या वर्गातील मुले आमच्याच वर्गातून गेलेली आहेत.

आणि सातवी, जिच्यावाचून वरील सहाही फुकट, ती ही की, नेमणूक कायम स्वरूपाची व पगार वेळेवर. दर वर्षी नवा गडी ठेवणाऱ्याचे शेत कधी पिकत नाही.

ह्यास पैसा कोठून आणावा, असे संस्थाचालक विचारतील. प्रवेशद्वाराच्या कमानीस, रस्त्यावरील फलकांस व वर्तमानपत्रांतील रंगीत जाहिरातींस पैसा मिळतो, त्यातला थोडा इकडे वळवावा. आठवड्याचे दोन तास व एक मागचे बाक एवढाच मुख्य खर्च आहे.

सरकार व संस्थाचालक हे आपण होऊन करतील, अशी आमची भाबडी समजूत नाही. गिऱ्हाईक माल पारखून घेऊ लागले म्हणजेच दुकानदार सुधारतो. आपण बैल घेताना दात पाहतो, चाल पाहतो, खांद्यावरून हात फिरवितो. मुलाचे नाव घालताना मात्र इमारत पाहतो, बसगाड्या मोजतो व किती पगाराच्या नोकऱ्या लागल्या ह्याच्या फलकास भुलतो. पुढील प्रवेशाच्या वेळी पालकांनी एवढे प्रश्न न लाजता विचारावेत: पहिल्या वर्षास गणित व यामिकी कोण शिकवितो व किती वर्षे शिकवितो? मागील दोन वर्षांत किती अध्यापक सोडून गेले? नव्या अध्यापकाच्या वर्गात ज्येष्ठ अध्यापक बसतो काय? अध्यापकांचा पगार दर महिन्यास होतो काय? मुलास वर्गात समजले नाही तर मराठीत विचारता येते काय? उत्तर देताना समोरचा मनुष्य चुळबुळ करू लागला तर काय समजावयाचे ते समजावे. एका पालकाने विचारले तर त्यास वेड्यात काढतील, पण गावातील दहा पालक मिळून गेले तर खुर्च्या मांडतील. ज्यांची मुले आधीच तेथे शिकत आहेत त्यांनी पालकसभेस जावे, मागे बसून येऊ नये, व हेच प्रश्न तेथे उभे राहून विचारावेत.

आपल्या मुलांना महाविद्यालयात जागा मिळावी म्हणून आपल्या वडीलधाऱ्यांनी मोठा झगडा केला. जागा मिळाली, ती पहिली पायरी झाली. त्या जागेवर बसून मुलास खरोखर विद्या मिळाली पाहिजे, ही दुसरी पायरी आहे, आणि ती शिकविणाऱ्याच्या तयारीवर अवलंबून आहे. जूनपासून प्रवेशांची धावपळ सुरू होते. त्याआधी आपल्या गावात दहा पालकांची बैठक भरवा, वरील प्रश्न कागदावर उतरून घ्या, आणि मिळून जा.